बांध तसाच ठेवून

मराठवाड्यातल्या कुठल्याही जुन्या गावात सामाईक विहिरीचे हिस्से विचारा, उत्तर आण्यांत मिळतं. थोरल्या घराचे आठ आणे, धाकट्याचे चार, उरलेले चार आत्याच्या लेकाचे. आण्याचं नाणं चलनातून जाऊन किती काळ लोटला, विहिरीच्या हिशेबात ते अजून चालतं. आठ आण्यांना चार दिवसांची पाळी, चार आण्यांना दोन दिवसांची. शेतीची वीज एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री येऊ लागली तेव्हा या पाळ्या पार विस्कटल्या, मग चार जणांनी बसून त्या नव्याने लावून घेतल्या. पाळीत वीज गेली तर तेवढे तास पुढे मिळतात. मोटार जळाली तर भरून आणायचा खर्च आण्यांप्रमाणे. गाळ काढायचा असेल आणि कुणाकडे पैसे नसतील तर त्याने घरचा माणूस द्यायचा. यातलं काहीही लिहून ठेवलेलं नसतं. नोंदणी नाही, लेखापरीक्षण नाही, अध्यक्ष नाही. विहिरीवरून डोकी फुटली नाहीत असं मी म्हणणार नाही. दिवाणी कोर्टात असे दावे बापाकडून लेकाकडे वारसाने येतात. पण एकमेकांशी बोलणं टाकलेले दोन भाऊ, एक जण ठरल्या वेळी मोटार बंद करून निघून जातो आणि दुसरा येऊन सुरू करतो, हे मी लहानपणापासून बघत आले आहे.

म्हणून ‘आपला शेतकरी एकत्र येत नाही’ हे वाक्य ऐकलं की मला राग येतो. कार्यक्रमाच्या व्यासपीठावर, बँकेत, लग्नाच्या पंगतीत हे वाक्य सर्रास बोललं जातं. औसा तालुक्यातल्या आमच्या गावात वीसेक घरांचा एक गट आहे, त्याचे हिशेब मी लिहिते. सोयाबीन आणि तूर ही आमची पिकं. प्रत्येकाची जमीन वेगळी, सातबारा वेगळा, बांध वेगळा. तरीही पेरणीपासून विक्रीपर्यंतची बरीच कामं आम्ही मिळून करतो. याला सहकारी शेती म्हणायचं की नाही, यावर दोन मतं आहेत. माझं मत ठाम आहे. आजच्या काळात शेतीतला सहकार याच वाटेने उभा राहील, आणि जमीन एकत्र करण्याची कल्पना सोडताना आपण सहकाराचा एक भाग विसरलो, तो परत आणायला हवा.

जमिनीचं काय झालं ते आधी बघू. १९७०-७१ च्या कृषिगणनेत महाराष्ट्रात एका खातेदाराकडे सरासरी ४.२८ हेक्टर जमीन होती. २०१५-१६ मध्ये ती १.३४ हेक्टर उरली. म्हणजे साडेदहा एकरांवरून सव्वातीन एकरांवर. पण सरासरीत खरी अडचण दिसत नाही, ती रानात उभं राहिल्यावर दिसते. वाटण्या होताना प्रत्येक भावाला काळ्या रानातला, माळावरचा आणि विहिरीजवळचा असा तिन्ही ठिकाणचा तुकडा लागतो. यात गैर काही नाही, न्यायच आहे तो. या न्यायापायी पट्ट्या मात्र इतक्या अरुंद होतात की ट्रॅक्टर वळवायला शेजाऱ्याच्या रानात चाक घालावं लागतं. तुकडेबंदीचा कायदा १९४७ चा आहे. कागदावर तुकडे थांबले, घराघरांत ते पडतच राहिले. नाव एकाचं आणि कसणारे चौघे.

याच अडचणीवर १९५९ च्या जानेवारीत काँग्रेसच्या नागपूर अधिवेशनात एक मोठा ठराव झाला. शेतीचं भविष्य संयुक्त सहकारी शेतीत आहे, असं त्यात म्हटलं होतं. जमिनी एकत्र करून कसायच्या, मालकी ज्याची त्याच्याकडे राहील आणि निव्वळ उत्पन्नातला वाटा जमिनीच्या प्रमाणात मिळेल. त्यापुढे आणखी एक गोष्ट होती: जो प्रत्यक्ष रानात राबतो त्याला, त्याच्या नावावर जमीन असो वा नसो, कामाच्या प्रमाणात वाटा मिळेल. हा दुसरा भाग लक्षात ठेवा, मी त्याच्याकडे पुन्हा येणार आहे.

ठराव नेहरूंच्या आग्रहाचा होता. चौधरी चरणसिंग यांनी पक्षात राहून त्याला कडाडून विरोध केला. राजाजींनी, म्हणजे चक्रवर्ती राजगोपालाचारींनी, त्याच वर्षी ‘स्वतंत्र’ नावाचा पक्ष काढला, त्याच्या विरोधाच्या मुद्द्यांत सहकारी शेती अग्रभागी होती. रशिया-चीनसारखं इथे होईल, जमिनी जातील, ही भीती गावोगाव पोचली. पुढे देशात बऱ्याच संयुक्त शेती संस्था निघाल्या, त्यातल्या कितीतरी निव्वळ कागदी होत्या. कमाल जमीनधारणेच्या कायद्यातून सुटण्यासाठी आणि सवलती घेण्यासाठी मोठ्या घरांनी आपल्याच भाऊबंदांची नावं घालून त्या काढल्या होत्या. छोट्या शेतकऱ्याने हे बघितलं आणि तो लांब राहिला. त्याचं चुकलं असं मला वाटत नाही. अडीच एकराच्या माणसासाठी बांध म्हणजे पोरीच्या लग्नाला काढायच्या कर्जाचं तारण, पिकाने हात दिला नाही तर उरलेला शेवटचा आधार आणि गावातलं त्याचं नाव. तो पुसायला तो सुखासुखी कसा तयार होईल?

एक ठिकाण मात्र वेगळं निघालं. सांगली जिल्ह्यातल्या मिरज तालुक्यात, कृष्णाकाठच्या म्हैसाळला, मधुकरराव देवल यांनी दलित कुटुंबांना बरोबर घेऊन श्री विठ्ठल संयुक्त सहकारी शेती सोसायटी उभी केली. या कुटुंबांच्या जमिनी होत्या, पण गहाण पडलेल्या. मालक असून लोक दुसऱ्याच्या रानात मजुरी करत. जमिनी सोडवल्या, एकत्र कसल्या, पाणी आणलं. इथे जमीन एकत्र करणं चाललं, कारण या माणसांना एकेकट्याने ती राखताच येत नव्हती. संयुक्त शेती कुणाला हवीशी वाटते, याचं उत्तर मला म्हैसाळमध्ये दिसतं. ज्याच्या पायाखाली रान भक्कम आहे, तो ते दुसऱ्याच्यात मिसळत नाही.

आणि जमीन न मिसळताही एकत्र शेती करता येते, हे खानदेश-बागलाणच्या लोकांना तीनेकशे वर्षांपासून माहीत होतं. पांझरा, मोसम, आरम या नद्यांवरची फड पद्धत मला आजही थक्क करते. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटाखाली भिजणारं ते थळ. थळाचे तीन-चार फड पाडलेले. एका फडात त्या साली एकच पीक: एकात ऊस, एकात गहू-हरभरा, एखादा पडीक किंवा पावसाच्या भरवशावर. पुढच्या साली पिकांची अदलाबदल. बहुतेकांची जमीन प्रत्येक फडात थोडी थोडी असायची, त्यामुळे ऊस सगळ्यांच्या वाट्याला यायचा आणि कोरडं सालही सगळ्यांच्या वाट्याला यायचं. पाणी द्यायला पाटकरी, राखणीला जागल्या, देखरेखीला हवालदार, त्यांची मजुरी सगळे मिळून देत. पाटातला गाळ काढायला ठरल्या दिवशी ज्याच्या त्याच्या जमिनीप्रमाणे घरटी माणसं. पाणी कमी पडलं तर एखादा फड भिजवायचाच नाही, असं सगळे मिळून ठरवत. पाटाच्या शेपटाकडच्या माणसाला एकट्याला कोरडं मारायचं नाही.

या पद्धतीत मालकी कुणाची हलली नाही. काय पेरायचं, कधी पेरायचं, पाणी कुणाला आधी, हा निर्णय तेवढा सामाईक होता. माझ्या शेतात मी काय पेरायचं हे शेजारी मिळून ठरवतात, ही कल्पना आज कुणापुढे मांडा, लोक अंगावर येतील. तिथले शेतकरी ते पिढ्यान्‌पिढ्या करत होते, कारण पाण्याला बांध कळत नाही.

पुरंदर तालुक्यातल्या नायगावला विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर पाणी पंचायत उभी केली, ती याच्याही पुढे गेली. पाणी जमिनीप्रमाणे द्यायचं नाही, माणसाप्रमाणे द्यायचं. माणशी अर्धा एकर भिजेल एवढं, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचं. उसाला पाणी नाही. जमीन विकली तर तिच्याबरोबर पाण्याचा हक्क विकला जाणार नाही. आणि ज्याला जमीनच नाही, त्या भूमिहीनालाही पाण्यात वाटा. हे शेवटचं कलम मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा थांबून परत वाचलं होतं. ज्याच्याकडे रान नाही तो पाण्याचं काय करील, असा प्रश्न सहज मनात येतो. तो कुणाचं तरी रान वाट्याने करील. त्याच्याकडे नुसते हात होते, आता हात आणि पाणी आहे. बोलणी करताना त्याचं पारडं तेवढं जड होतं.

आमच्या गावात असं काही नव्हतं. आमचा गट खऱ्या अर्थाने एकत्र आला तो २०२२ च्या जुलैत, शंखी गोगलगायींमुळे.

लातूर, बीड, धाराशिव या पट्ट्यात त्या साली गोगलगायींनी सोयाबीनचं काय केलं, ते ज्यांनी पाहिलं त्यांनाच कळेल. पेरणी झालेली, पाऊस झिमझिम चालू, रोपं दोन-चार पानांवर आलेली. रात्री त्या बाहेर पडायच्या आणि सकाळी ओळीच्या ओळी गायब. देठ तेवढे उरलेले, त्यावर वाळलेल्या चिकट रेघा. लोकांनी दुबार पेरणी केली, कुणी तिबार. औषध आणून आपापल्या रानात टाकलं. दोन दिवस बरं दिसायचं, तिसऱ्या दिवशी शेजारच्या रानातून नव्या यायच्या. आमच्या बांधाला लागून एका काकांचं रान आहे, ते त्या वर्षी पुण्याला लेकाकडे होते. त्यांच्या बांधावरच्या गवतात, दगडाखाली, ओलसर सावलीत गोगलगायी दिवसभर बसलेल्या असायच्या. आमच्या रानात कितीही औषध टाकलं तरी काकांच्या बांधावर कुणी टाकायचं?

शेवटी एका संध्याकाळी मारुतीच्या पारावर बसून ठरलं. ज्याच्याकडे जेवढी गोणपाटं असतील तेवढी आणायची. गुळाच्या पाण्यात भिजवून दिवस मावळताना बांधाकडेने अंथरायची, सगळ्यांच्या रानात, जे गावात नाहीत त्यांच्याही. पहाटे उजाडायच्या आत घरटी एक माणूस बादली घेऊन हजर. गोणपाट उलटलं की खाली शेकड्यांनी चिकटलेल्या असायच्या, लहान बोराएवढ्यांपासून मुठीत न मावणाऱ्या थोराड. हाताला फडकी नाहीतर पिशव्या गुंडाळून गोळा करायच्या, मिठाच्या पाण्यात टाकायच्या, मग खड्ड्यात चुना घालून पुरायच्या. वासाने पहिल्या दिवशी दोघींना उलट्या झाल्या. बांधावर चुन्याचे पट्टे ओढले. हे काम एका घराने आठवडाभर केलं असतं तरी उपयोग शून्य होता. सगळ्यांनी एकाच वेळी केलं म्हणून उरलेलं सोयाबीन हाती लागलं.

त्या दिवसांत मला जे कळलं ते फार साधं आहे. शेतीत काही गोष्टी बांधाच्या आत मावतात आणि काही मावत नाहीत. नांगरट मावते, शेणखत मावतं. पाणी मावत नाही. गोगलगाय मावत नाही, पांढरी माशी आणि तिच्याबरोबर येणारा पिवळा मोझॅक मावत नाही, कापसातली गुलाबी बोंडअळी मावत नाही. भाव तर अजिबात मावत नाही. जे मावत नाही ते एकट्याने करायला गेलं की पैसा जातो आणि माणूस खचतो. सहकाराची गरज नेमकी तेवढ्यापुरती आहे, आणि तेवढी गरज फार मोठी आहे.

पुढच्या उन्हाळ्यात आम्ही बियाण्यापासून सुरुवात केली. घरचं सोयाबीन बियाणं म्हणून वापरायचं तर उगवण तपासावी लागते, हे सगळ्यांना माहीत असतं, करत कुणी नाही. आम्ही ती शाळेच्या ओसरीवर केली. ओलं गोणपाट अंथरायचं, त्यावर दहा-दहाच्या ओळींत शंभर दाणे ठेवायचे, वर दुसरं ओलं गोणपाट, हलक्या हाताने गुंडाळी करून सावलीत, रोज पाणी शिंपडायचं. प्रत्येक गुंडाळीला सुतळीने चिठ्ठी बांधलेली, चिठ्ठीवर घराचं नाव. आठवडाभराने सगळ्यांदेखत उलगडायच्या. सत्तरच्या वर मोड चांगले असतील तर बियाणं चालतं, त्याखाली गेलं तर एकरी प्रमाण वाढवायचं, फारच कमी असेल तर तेलाला विकून टाकायचं. एका दादांची गुंडाळी उलगडली तर निम्मेच दाणे फुगून फुटलेले, बाकीचे कुजलेले. मळणी यंत्र जोरात पळवलेलं, त्यात सोयाबीनचं साल पातळ, आतला कोंब दुखावतो, वरून दाणा छान टपोरा दिसतो. दादा गप्प झाले. त्यांना काही बोलायच्या आत शेजारच्या मामी म्हणाल्या, “आमचं चांगलं निघालंय, दोन पोती घेऊन जा, सुगीला परत द्या.” तीन एकरांची पेरणी त्या एका चाचणीने वाचली.

मग बीजप्रक्रिया एकत्र, रुंद सरी वरंब्यावर पेरणारं यंत्र एकत्र, आणि पाऊस पुरता झाल्याशिवाय, रानात ओल खोलवर गेल्याशिवाय कुणीही तिफण धरायची नाही, हा नियम. हा नियम पाळणं सगळ्यांत अवघड. मृगाचा एक सडाका पडला की शेजारच्या शिवारात पेरते लोक दिसतात आणि आपला जीव थाऱ्यावर राहत नाही. एकटा माणूस अशा वेळी हमखास पेरतो. चौघांना शब्द दिलेला असला की थांबतो. कृषी विद्यापीठाच्या शिफारशी काय कमी आहेत? त्या पाळायला सोबत लागते.

पानी फाउंडेशनच्या फार्मर कप स्पर्धेमुळे गटशेती हा शब्द गावोगाव पोचला, त्याआधी मराठवाड्यात डॉ. भगवानराव कापसे यांनी गटशेतीचा प्रसार केला, राज्य सरकारनेही मोठ्या गटांसाठी अनुदानाची योजना आणली. सगळ्याचा उपयोग झाला. पण स्पर्धा संपल्यावर आणि अनुदान मिळाल्यावर जे गट टिकले ते हिशेबावर टिकले, असा माझा अनुभव आहे. आमच्याकडे दर अमावास्येला वही उघडून मोठ्याने वाचतात. कुणाकडून किती आले, बियाण्याच्या औषधाला किती गेले, यंत्राच्या भाड्याचे कुणाकडे बाकी आहेत, सगळं नावानिशी. लाज वाटते म्हणून बाकी लवकर येते, एवढाच त्याचा फायदा नाही. शेवटच्या ओळीत बसलेल्या, अक्षर न वाचता येणाऱ्या आजीलाही गटाकडे किती पैसे आहेत ते माहीत असतं. जिथे हिशेब दोघा-तिघांच्या खिशात राहिला, ते गट मी मोडताना पाहिले आहेत, आणि मोडताना त्यांनी गावातला पुढच्या दहा वर्षांचा विश्वास सोबत नेला.

विक्रीचं सांगते. एकट्याने आठ-दहा क्विंटल सोयाबीन आडतीवर नेलं की सगळे निर्णय समोरच्याचे. हवा, म्हणजे ओलावा, जास्त आहे म्हणून कपात, मातेरं आहे म्हणून कपात, मग हमाली, तोलाई. विक्रीची पट्टी हातात पडेपर्यंत भावाचा आणि हातात आलेल्या पैशाचा मेळ लागत नाही. आम्ही गटाचं ओलावा मोजायचं यंत्र घेतलं. माल घरी वाळवून, बारा टक्क्यांच्या आत आणून, चाळून एकत्र नेला. तेलगिरणीवाल्याशी बोलणी करताना समोर एक ट्रक भरून एकसारखा माल असला की त्याच्या बोलण्यातला सूर बदलतो. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि बाजारातला भाव त्याच्या बराच खाली. तेव्हा आमच्यातल्या काहींनी माल वखारीत ठेवून तारण कर्ज उचललं. पणन मंडळाच्या तारण योजनेत मालाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम सहा टक्के व्याजाने सहा महिन्यांसाठी मिळते. योजना जुनी आहे, चांगली आहे. पण आठ पोत्यांसाठी लातूरच्या वखारीत खेपा घालायला कुणाला परवडतं? सगळ्यांची पोती एकत्र गेली तेव्हा परवडलं. त्याने भाव वाढला नाही, हेही सांगायला हवं. घाईने विकावं लागलं नाही, एवढंच झालं.

बाजार माणसांना एकत्र यायला कसा भाग पाडतो, हे बघायचं तर नाशिकच्या द्राक्षवाल्यांकडे बघावं. निर्यातीसाठी द्राक्ष बागायतदारांच्या सहकारी संस्था मिळून महाग्रेप्स १९९१ मध्येच स्थापन झाली होती. २०१० मध्ये युरोपात आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइडचे, म्हणजे वेलीची वाढ रोखायला वापरतात त्या सीसीसीचे अंश सापडले. बंदरांत कंटेनर अडकले आणि शेतकऱ्यांवर कर्जाचे डोंगर झाले. एका कंटेनरमध्ये अनेक बागांचे घड असतात. एकाच बागेत चुकीची फवारणी झाली तरी दारात अडतात सगळे. पांझरेच्या पाटाने जे काम केलं, ते इथे कंटेनरने केलं: तुझ्या बागेत तू काय फवारतोस हा तुझा एकट्याचा प्रश्न राहिलेला नाही, हे त्याने शिकवलं. त्याच सुमारास दिंडोरी तालुक्यातल्या मोहाडीला विलास शिंदे आणि त्यांच्या सोबतच्या शेतकऱ्यांनी सह्याद्री फार्म्स ही शेतकऱ्यांची उत्पादक कंपनी उभी केली. तिथे प्रत्येक प्लॉटची नोंद, फवारणीची नोंद, काढणीआधी तपासणी, प्रतवारी, शीतगृह असं सगळं मिळून केलं जातं. बागा मात्र ज्याच्या त्याच्याच नावावर. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी १९५० मध्ये लोणीला प्रवरा कारखाना सुरू केला तोही याच वाटेने, ऊस ज्याच्या त्याच्या रानातला आणि गाळप सगळ्यांचं. पुढे कारखान्यांचं राजकारण झालं त्यावर पुष्कळ लिहिलं गेलंय, मी त्यात शिरत नाही.

उत्पादक कंपनीचा कायदा २००२ साली आला. सहकार खात्याच्या दाबातून सुटका आणि एका सभासदाला एकच मत, अशी ती चांगली सांगड आहे. आता या कंपन्या भारंभार झाल्या. कित्येकींचं काम खताचं दुकान चालवण्यापलीकडे जात नाही. ते दुकान जिथे गावाला रास्त दरात खत देतं तिथे तेवढंही चांगलंच म्हणायचं.

पण आमच्या गटात, मोहाडीत, कारखान्यात, उत्पादक कंपनीत, सगळीकडे दाराशी एकच कागद मागतात: सातबारा. नागपूरच्या ठरावाचा तो दुसरा भाग इथे गळून पडला. जो राबतो त्याला, जमीन असो वा नसो, वाटा. जमीन एकत्र करण्याची कल्पना सोडली ते ठीकच झालं, तिच्याबरोबर हे वाक्यही सोडलं ते मात्र फार वाईट झालं.

आमच्या गटात खुरपणी सावडीने होते. आज हिच्या रानात, उद्या तिच्या. सोयाबीनच्या ओळीत बायका शेजारी शेजारी बसून पुढे सरकतात. तणनाशकाचा खर्च वाचतो, मजुरी वाचते, काम वेळेत होतं. गटाचा फायदा कुठून येतो असं मला विचाराल तर मी आधी या ओळीकडे बोट दाखवीन. आणि त्या ओळीतल्या निम्म्या बायकांच्या नावावर गुंठाभर जमीन नाही. त्यातल्या काहींच्या घरातच जमीन नाही. त्या सावडीत येतात ते बदल्यात कुणाकडून तरी बैलाची पाळी किंवा कडबा मिळावा म्हणून. पट्टी येते तेव्हा त्यांचं नाव कुठेच नसतं. वही मीच लिहिते, मला ठाऊक आहे.

केरळमध्ये कुटुंबश्री १९९८ मध्ये सुरू झाली. तिथे बायकांचे छोटे गट दुसऱ्याची जमीन खंडाने घेतात, केळी, भाजी, भात करतात, कर्ज गटाच्या नावावर घेतात आणि उत्पन्न वाटून घेतात. अर्थतज्ज्ञ बीना अगरवाल यांनी या गटांचा अभ्यास केला, तेव्हा त्यांच्या शेतीचं हेक्टरी वार्षिक उत्पादनमूल्य तिथल्या वैयक्तिक शेतांच्या सुमारे १.८ पट निघालं. जमीन स्वतःची नसलेल्या बायकांनी हे केलं. तेलंगणातल्या अशाच गटांना एवढं यश मिळालं नाही, हेही त्याच अभ्यासात आहे; तिथे चांगली जमीन आणि पाठबळ मिळणं जास्त अवघड होतं.

आमच्याकडे खंडाने जमीन मिळणं सोपं नाही. मराठवाड्याला लागू असलेला हैदराबादचा कूळ कायदा १९५० चा. त्या कायद्याने कष्टकऱ्यांना जमिनी मिळाल्या, ते योग्यच झालं. पण त्याची धास्ती अजून गेलेली नाही. शहरात राहणारा मालक रान पडीक ठेवील, कागद करून देणार नाही. कसणाऱ्याचं नाव पीकपाहणीत, म्हणजे कोण काय पेरतं त्या सरकारी नोंदीत, लागलं तर तो कूळ म्हणून हक्क सांगेल, ही भीती. म्हणून तोंडी खंड चालतो, आणि तोंडी खंडावर पीककर्ज नाही, पीकविमा नाही, नुकसानीचे पंचनामे झाले तर पैसे मालकाच्या खात्यात.

गेल्या अक्षय तृतीयेच्या बैठकीत सावडीतल्या एका वहिनींनी हा विषय स्वतःच काढला. “पुण्याच्या काकांचं रान पडूनच राहतंय. आमाला द्या म्हणावं. आमी आठ जणी करतो. बी गटाचं, यंत्र गटाचं, हिशेब बी ताईच लिवतील.” बराच वेळ कुणी बोललं नाही. मग एकाने विचारलं, सातबारा नसलेल्यांना गटाचं यंत्र कसं द्यायचं? दुसऱ्याने विचारलं, तोटा आला तर भरणार कोण? दोन्ही प्रश्न रास्त होते आणि दोन्हींवर रात्री उशिरापर्यंत बोलणं झालं. यंत्र सभासदांच्याच दराने द्यायचं ठरलं. तोटा आठ जणींनी कामाच्या दिवसांप्रमाणे वाटून घ्यायचा, नफाही तसाच. दिवसांची नोंद रोज संध्याकाळी त्यांच्यातलीच शिकलेली सून ठेवील. बँकेत खातं त्यांच्यातल्या दोघींच्या सहीने. गटात मत मात्र अजून नाही, त्यावर एकमत झालं नाही. पुढच्या बैठकीत मी तो विषय पुन्हा घेणार आहे. काकांना फोन केला तेव्हा त्यांनी आधी नकार दिला, मग वकिलाला विचारतो म्हणाले, शेवटी अकरा महिन्यांचा लेखी करार करायला तयार झाले. खंड निम्मा आधी, निम्मा सुगीनंतर. अर्ध्या रानात सोयाबीन आणि तूर, उरलेल्यात उडीद करायचं बायकांनी ठरवलंय, कारण उडीद आधी निघतो आणि पोळ्यानंतर लवकरच हातात पैसे येतात.